कंबर सांभाळायची तर आधी पोट कडक करायला शिका

कंबरेचे रक्षण करणाऱ्या स्नायूंचे मुख्य काम मणका वाकवणे नसून त्याला नको तेव्हा हलू न देणे हे आहे. म्हणून सिट-अप्स बाजूला ठेवा. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातले निवृत्त प्राध्यापक आणि मणक्याचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल यांनी सुचवलेले तीन व्यायाम सतरंजीवर होतात.

कर्ल-अप: उताणे झोपा, एक गुडघा वाकवा, दुसरा पाय सरळ. तळहात कंबरेखालच्या पोकळीत ठेवा. ती दाबून सपाट करू नका. डोके-खांदे जेमतेम उचला. हनुवटी पुढे काढली तर मान दुखणारच.

साइड ब्रिज: कुशीवर, कोपर बरोबर खांद्याखाली. नवशिक्यांनी गुडघे दुमडून कंबर उचलावी.

बर्ड-डॉग दिसतो सोपा, पण चुका इथेच जास्त. घोडा होऊन उजवा हात पुढे, डावा पाय मागे ताणा. मग बाजू बदला. पाय नितंबाच्या वर गेला की कंबरेत खळगा पडतो. कंबरेवर प्लास्टिकचा पेला ठेवून बघा. कलंडला, तर कंबर वळतेय.

प्रत्येक वेळी ८-१० सेकंद थांबा. प्रत्येक बाजूला आधी ६, मग ४, मग २ वेळा. कोणी गुद्दा मारणार असल्यासारखे पोट कडक करा, आत ओढू नका. श्वास चालूच हवा.

सकाळी उठल्याउठल्या नको. रात्रभरात मणक्यांमधल्या चकत्या पाण्याने फुगतात, तासभर जाऊ द्या.

पायात बधिरपणा असेल तर आधी डॉक्टर. लघवीवरचा ताबा सुटत असेल तर त्याच दिवशी, ताबडतोब.