रेकॉर्ड पारखायची असेल तर शेवटचं गाणं आधी ऐका

जुन्या रॉक अल्बमची रेकॉर्ड हाती आली की आपण सुई पहिल्या गाण्यावर ठेवतो, दोन मिनिटं ऐकतो आणि 'छान आहे' म्हणून मोकळे होतो. मीही कित्येक वर्षं हेच केलं. आता कुठलीही रेकॉर्ड मी आधी मधल्या कागदी लेबलाजवळच्या, म्हणजे त्या बाजूच्या शेवटच्या गाण्यापासून ऐकतो.

कारण असं. एलपी, म्हणजे पूर्ण अल्बमची मोठी रेकॉर्ड, मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, पण बाहेरचा फेरा मोठा आणि आतला लहान. बाहेरच्या काठाला सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर खाच सरकते, लेबलाजवळ जेमतेम २१. म्हणजे तेवढंच संगीत निम्म्याहून कमी जागेत बसवलेलं असतं. झांजा, गायकाचे 'स' आणि 'श' यांची वळणं तिथे इतकी दाट होतात की झिजलेली किंवा किंचित तिरकी बसलेली सुई ती नीट घेऊच शकत नाही. आधीच्या मालकाने खराब सुईने रेकॉर्ड वाजवली असेल, तर तेही सगळ्यात आधी इथेच कळतं.

लेड झेपलिन या रॉक बँडचा १९७१चा चौथा अल्बम या परीक्षेला उत्तम. 'स्टेअरवे टू हेवन' पहिल्या बाजूच्या अगदी शेवटी आहे. सुरुवातीला हळुवार गिटार, तिथे खरखर लपत नाही. शेवटी ड्रम्स, इलेक्ट्रिक गिटार आणि गायक रॉबर्ट प्लँटचा टिपेचा आवाज, तोही सगळ्यात आतल्या खाचांत. माझ्याकडे या अल्बमची एक प्रत आली होती. काळीभोर, आरशासारखी, एक ओरखडा नाही. गिटार स्वच्छ वाजली. पण प्लँट वर चढला आणि आवाजाला कागद टरकावल्यासारखी धार आली. मी सुई भिंगाखाली पाहिली, कार्ट्रिजचा, म्हणजे सुई बसवलेल्या डबीचा, कोन तपासला, सुईचं रेकॉर्डवर पडणारं वजन तपासलं. सगळं ठीक. मग दुसऱ्या अल्बमचं शेवटचं गाणं लावलं, ते निर्मळ वाजलं. दोष रेकॉर्डमध्येच होता. खाचांची झीज डोळ्यांना दिसत नाही, म्हणून नुसती चकाकी बघून रेकॉर्ड घेऊ नका.

ही उलटतपासणी तुम्हीही करा. सगळ्याच रेकॉर्डचा आवाज शेवटी फाटत असेल तर कार्ट्रिजची बसवणूक चुकली आहे किंवा सुई संपली आहे. एकीचाच फाटत असेल तर ती रेकॉर्ड बहुधा झिजली आहे. फक्त डाव्या किंवा फक्त उजव्या स्पीकरमधून फाटत असेल तर आधी अँटिस्केटिंग, म्हणजे सुईची आतल्या बाजूची ओढ रोखणारी प्लेअरवरची सोय, बघा. आणि सुईचं वजन भीतीपोटी कमी ठेवू नका. कार्ट्रिजबरोबरच्या कागदावर जी मर्यादा दिलेली असते, तिच्यात मधोमध किंवा थोडं वर ठेवा. हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि भिंती जास्त खरवडते.

टकटकीचंही असंच. एक फेरा १.८ सेकंदांचा असतो. दर १.८ सेकंदांनी टक् येत असेल तर तो बहुधा आडवा ओरखडा, त्याला इलाज नाही. प्रत्येक वेळी जागा बदलत असेल तर धूळ किंवा स्थिर वीज. अशी रेकॉर्ड कार्बन फायबरच्या ब्रशने पुसा, तेवढ्याने भागलं नाही तर डिस्टिल्ड वॉटरने धुवा. हात खाचांच्या दिशेने गोल फिरवायचा, लेबल कोरडं ठेवायचं, पूर्ण वाळल्याशिवाय सुई टेकवायची नाही. न धुता कुठल्याही जुन्या रेकॉर्डबद्दल मत बनवू नका, तो तिच्यावर अन्याय आहे.

आता प्रेसिंग, म्हणजे तुमची प्रत कुठल्या छपाईची आहे ते. शेवटचं गाणं आणि लेबल यांच्यामधल्या गुळगुळीत पट्ट्यावर बारीक अक्षरं कोरलेली असतात. उजेडात रेकॉर्ड तिरकी धरून ती वाचा. 'लेड झेपलिन टू' (१९६९)च्या काही सुरुवातीच्या प्रतींवर तिथे 'आरएल' अशी रोमन अक्षरं सापडतात, म्हणजे रॉबर्ट लडविग, छपाईच्या मूळ तबकडीवर खाचा कापणारा तंत्रज्ञ. त्याने तो इतका दणदणीत कापला होता की स्वस्त प्लेअरवर सुई उडायची, म्हणून पुढे तो सौम्य करून पुन्हा कापला गेला. गाणी तीच, पण बास आणि ड्रम्सचा जोर वेगळा. कव्हरवरून हा फरक कळत नाही. '१८० ग्रॅम' या छापाला मात्र मी महत्त्व देत नाही. जड रेकॉर्ड हाताला छान लागते, पण आवाज ठरतो तो मूळ टेप कुठली वापरली आणि खाचा कुणी कापल्या यावर.

पृष्ठभाग किती शांत आहे हे बघायला पिंक फ्लॉइड या बँडचा 'द डार्क साइड ऑफ द मून' (१९७३) घ्या. हृदयाचे ठोके पहिल्या बाजूच्या सुरुवातीला आहेत आणि दुसरीच्या शेवटीही. एकदा बाहेरच्या काठाला, एकदा लेबलाशी. दोन्हीकडे ठोक्यांच्या मधली शांतता ऐका. बाहेर चरचर जास्त असेल तर बहुधा बोटांचे डाग आणि धूळ, ती धुऊन जाते. मी आधी आतले ठोके लावतो, मग रेकॉर्ड उलटून बाहेरचे, आणि धुतल्यावर पुन्हा दोन्ही.