गाडीचा बल्ब बदलताय? या चुका टाळा

हेडलाइटचा साधा हॅलोजन बल्ब दोन-तीनशे रुपयांत येतो. तो लावायला मात्र एका गाडीत बॅटरी काढावी लागते, दुसरीत एअर फिल्टरचा डबा. तिसरीत पुढचं चाक पूर्ण वळवून मडगार्डच्या आतलं प्लॅस्टिक सोडवावं लागतं, आणि काही गाड्यांत सरळ बंपरच उतरवा. जुन्या मारुती ८००मध्ये बोनेट उघडलं की हात थेट लाइटच्या मागे जायचा. आता त्याच जागेत एसी, एबीएस, वॉशरच्या पाण्याची टाकी आणि वायरींचा गुंता कोंबलेला असतो. चिडचिड होणारच. पण खरा खर्च त्या चिडचिडीत लावलेल्या जोराचा असतो: तुटलेली लॉकं, वितळलेलं होल्डर, फुटलेला कपलर (बल्बला जोडलेला वायरचा प्लग). ही बिलं बल्बच्या कितीतरी पट येतात.

बल्बच गेलाय हे आधी ठरवा

दोन्ही बाजूंचे डिप्पर (हेडलाइटचा खालचा, जवळचा उजेड) एकाच वेळी बंद झाले तर दोन बल्ब एकदम उडाले असण्याची शक्यता कमी. आधी फ्यूज बघा, मग रिले (लाइटचा करंट चालू-बंद करणारा छोटा डबा), मग स्विच. पुष्कळ गाड्यांत डाव्या-उजव्या लाइटचे फ्यूजही वेगळे असतात. त्यामुळे एकच बाजू गेली तरी फ्यूज पाहून घ्यायला हरकत नाही. उडालेल्या फ्यूजच्या जागी जास्त अँपिअरचा फ्यूज मात्र लावू नका. मग फ्यूज वाचतो आणि वायरिंग जळतं.

इंडिकेटर एका बाजूला भराभर टिकटिकतोय? त्या बाजूचा एखादा बल्ब गेलाय. ब्रेक दाबल्यावर पार्किंग लाइट मिणमिणतो किंवा इंडिकेटरबरोबर भलताच दिवा लागतो, तर बहुधा टेल लाइटचं अर्थिंग (गाडीच्या बॉडीला जोडलेली वायर) गेलेलं असतं. तिथे कितीही नवे बल्ब घाला, फरक पडणार नाही. अर्थिंगचा पॉइंट घासून घट्ट करा.

आणि आपल्या नागपुरातलं खास दुखणं म्हणजे पिवळी पडलेली काच. ती काच नसतेच, पॉलिकार्बोनेटचं प्लॅस्टिक असतं. वर्षानुवर्षं उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीचं हे प्लॅस्टिक धुरकट होतं, उजेड आतल्या आत अडतो, आणि मालक बल्बामागून बल्ब बदलत राहतो. दिवसा समोर उभं राहून बघा. आतला रिफ्लेक्टर स्वच्छ दिसत नसेल तर पैसे पॉलिशवर घाला.

भर दुपारी बोनेट उघडणं

मे महिन्यात पारा ४५ला टेकतो आणि इंजिन बंद करून तासभर झाला तरी रेडिएटरजवळ हात टिकत नाही. नुकत्याच विझवलेल्या हॅलोजनला हात लावला तर चटका ठरलेला. सकाळी, गाडी थंड असताना, लाइट आणि इग्निशन बंद करून काम करा. बॅटरी काढावीच लागली तर आधी निगेटिव्ह टर्मिनल सोडवा. रेडिओचा कोड लागतो का, काचा परत सेट कराव्या लागतात का, हे मॅन्युअलमध्ये पाहून ठेवा.

तारेच्या क्लिपशी कुस्ती

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. एच-४ किंवा एच-७ (हेडलाइटच्या बल्बचे नेहमीचे नंबर) बल्ब बऱ्याच गाड्यांत बारीक तारेच्या स्प्रिंग क्लिपने धरलेला असतो. ती क्लिप बाहेर ओढायची नसते. आधी आत दाबायची, मग बाजूला सरकवायची, की हुकातून सुटते. दिसत काहीच नाही, सगळं बोटांनी चाचपायचं. ओढाताण केली की तार वाकते किंवा हूकच तुटतो, आणि क्लिप सुटी मिळाली नाही तर अख्खा हेडलाइट बदलायची पाळी येते. ज्या बाजूचा लाइट चालू आहे ती आधी उघडून बघा. मोबाइल लाइटच्या मागे घालून व्हिडिओ काढा, क्लिप कशी बसली आहे ते डोळ्यांनी पाहा, मग हात घाला.

कपलर काढताना वायर ओढू नका, त्याचं लॉक दाबून कपलरच धरा. वर्षानुवर्षं इंजिनची धग खाल्लेलं प्लॅस्टिक खारी बिस्किटासारखं मोडतं. "बल्ब तं मी पाच मिनटात लावून देतो भाऊ, पन हे लॉक कोनं तोडलं?" हा प्रश्न कुठल्याही ऑटो इलेक्ट्रिशियनकडे ऐकायला मिळेल.

एच-४ बल्बच्या चकतीला तीन कान असतात, वरचा रुंद. तो एकाच पद्धतीने बसतो. नीट बसला की चकती सपाट टेकते, डगडगत नाही. जरा तिरका राहिला तरी क्लिप कशीबशी लागते, आणि मग उजेड डोळ्यांत गेल्याने समोरचे सगळे तुम्हाला अप्पर (वरचा, लांबचा उजेड) मारत सुटतात.

हॅलोजनच्या काचेला बोट लावू नका, हे सगळे सांगतात आणि ते खरं आहे. बोटाचं तेल तिथे तापतं, क्वार्ट्झला इजा होते आणि बल्ब लवकर जातो. लागलंच तर स्पिरिटने पुसून कोरडं करा.

शेवटी मागची रबर कॅप. ती लावायला त्रास होतो म्हणून बाहेर ठेवणारे महाभाग आहेत. पहिल्या पावसात लाइटच्या आत धुकं साचतं, मग रिफ्लेक्टरची चकाकी उडते.

नंबर आणि वॅट

जुना बल्ब काढून त्यावरचा नंबर वाचा, मगच दुकानात जा. एच-४ म्हणजे ६०/५५ वॅट. दुकानदार १००/९०चा पुढे करेल, "उजेड बघा ना साहेब" म्हणेल. १२ व्होल्टवर ६० वॅट म्हणजे ५ अँपिअर, १०० वॅट म्हणजे आठच्या वर. कंपनीची वायर आणि होल्डर त्या हिशेबाने केलेलंच नसतं. होल्डर तपकिरी पडतं, मग वितळतं.

मागच्या बल्बांतही घोळ होतो. ब्रेक आणि पार्किंग मिळून एकच बल्ब असेल तर तो दोन फिलामेंटचा पी२१/५डब्ल्यू. त्याच्या बाजूच्या पिना वर-खाली असतात. एका फिलामेंटच्या पी२१डब्ल्यूच्या पिना समान उंचीवर. बसत नाही म्हणून पिरगाळून बसवलात की ब्रेक लाइटचं गणित बिघडलंच.

एलईडीचा मोह

हॅलोजनसाठी केलेल्या रिफ्लेक्टरमध्ये स्वस्त एलईडी घातला की उजेड भलतीकडे फाकतो. आपल्याला पांढरंशुभ्र दिसतं, समोरचा आंधळा होतो. रात्री मनसरच्या पुढे देवलापारच्या पट्ट्यात असा एखादा समोरून आला की रस्त्याची कड दिसेनाशी होते. त्यात एलईडी कमी करंट घेतो, म्हणून नव्या गाड्यांचा कॉम्प्युटर बल्ब गेल्याचा इशारा देत राहतो. कंपनीने मंजूर न केलेला बदल मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२मध्येही अडकू शकतो.

मुळात सीलबंद एलईडीचे हेडलाइट असतील तर बल्ब बदलण्याचा प्रश्नच नाही, बहुतेकदा अख्खा लाइट बदलावा लागतो. झेनॉन (फिलामेंटऐवजी गॅसमध्ये ठिणगी पाडून पेटणारा लाइट) असेल तर घरी हात घालू नका, तो पेटताना हजारो व्होल्ट तयार होतात. आणि बंपर उतरवावा लागणार असेल तर काम सरळ इलेक्ट्रिशियनकडे द्या, मजुरी आधी ठरवून.

भिंतीवर बघा

बल्ब लागल्यावर संध्याकाळी गाडी सपाट जागी भिंतीसमोर उभी करा, डॅशबोर्डवरचं लाइट वर-खाली करायचं चाक शून्यावर ठेवा आणि डिप्पर लावा. उजेडाची वरची कड उजवीकडे सपाट आणि डावीकडे किंचित चढती दिसायला हवी, दोन्ही लाइटची सारखीच. एका बाजूचा उजेड विस्कटलेला किंवा वर फेकलेला दिसला तर लाइटच्या मागचा सेटिंगचा स्क्रू फिरवायची घाई करू नका. आधी बल्ब काढून पुन्हा बसवा. तिरक्या बल्बवर सेटिंग केलंत, तर पुढच्या वेळी बल्ब नीट बसेल आणि उजेड बंपरच्या पुढ्यातच पडेल.