करवंदे, जांभळे आणि प्रतिकारशक्ती : उतारवयात या चुका टाळा

वैशाखात ‘डोंगराची काळी मैना’ म्हणून करवंदांचे द्रोण कोकणातल्या बाजारांत दिसू लागतात, पाठोपाठ जांभळे येतात आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना ती ‘प्रतिकारशक्ती वाढते’ म्हणून आग्रहाने दिली जातात. फळे चांगलीच आहेत. चुकते ते आपल्या अपेक्षेत आणि खाण्याच्या रीतीत.

पहिली चूक अपेक्षेची. वय वाढते तशी छातीच्या हाडामागची थायमस ग्रंथी आक्रसते आणि नव्या जंतूंना ओळखणाऱ्या टी-पेशींचा पुरवठा कमी होतो. हा बदल कोणतेही फळ उलटवू शकत नाही, त्यामुळे फळे खाऊन फ्लू किंवा न्यूमोनियाची लस टाळणे हा धोक्याचा व्यवहार ठरतो. फळांतून मिळतात ती क जीवनसत्त्व, तंतू आणि जांभळा रंग देणारी अँथोसायनिन द्रव्ये, आणि तीही नेमाने खाल्ली तर. महागडी परदेशी ब्लूबेरीच हवी हा समजही सोडावा. क जीवनसत्त्व तर परसातल्या पेरूमध्ये तिच्या कितीतरी पट असते.

दुसरी चूक मला सर्वांत जास्त खटकते, कारण ती आमच्याच घरी वर्षानुवर्षे चालू होती. रातांब्याच्या वाट्यांत साखर ठासून भरायची, बरणी उन्हात ठेवायची आणि सुटलेले लालभडक अमृत कोकम ‘औषधी’ म्हणून सासूबाईंना दिवसातून दोनदा द्यायचे. त्या पेल्यात कोकमापेक्षा साखर अधिक असते, आणि मधुमेहात सतत चढलेली साखर संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींनाच दुबळे करते. साखरेऐवजी आगळ, म्हणजे मीठ घालून टिकवलेला कोकमाचा रस, वापरले तर मीठ येते, म्हणजे रक्तदाबाचा प्रश्न. त्यापेक्षा सुकी कोकमे, म्हणजे आमसुले, पाण्यात भिजवून केलेले बिनसाखरेचे सार बरे, मात्र ती मीठ लावून वाळवलेली असतील तर वेगळे मीठ घालू नये.

जांभळे मिठात घोळवून, कुस्करून, गाळून नुसता रस देणेही नको. रंग मुख्यतः सालीत असतो आणि तंतू गाळणीतच राहतात. जांभळाच्या बियांची पूड मधुमेहाच्या गोळ्यांसोबत आपल्या मनाने सुरू केल्यास साखर अचानक उतरू शकते. मूत्रपिंडाचा विकार असल्यास फळांचे प्रमाण डॉक्टरांनाच विचारावे.

करवंदाच्या देठाशी पांढरा चीक असतो, तो ओठांना आणि कवळीला चिकटतो. देठ खुडून फळे पाण्यात घालून ठेवली आणि दोनतीनदा धुतली की तो बराचसा निघतो. झाडाखाली पडलेली, उंदीर-वटवाघळांनी उष्टावलेली फळे मात्र धुऊनही घेऊ नयेत. रानात स्वतः वेचायला जाणाऱ्या आजोबांनी गोचिडींपासून जपावे, कारण सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात २०१६ पासून गोचिडींच्या चाव्यातून होणाऱ्या माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. अंगभर कपडे घालावेत, घरी येताच ते बदलून अंग नीट तपासावे आणि त्यानंतरच्या आठवडाभरात ताप आला तर रानात गेल्याचे डॉक्टरांना सांगावे.