व्हर्च्युअल मशीन मंद झालंय? या चुका टाळा

व्हीएम (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सर्व्हरवर सॉफ्टवेअरने चालवलेला आभासी संगणक) रखडलं की पहिला हात जातो व्हीसीपीयू (व्हीएमला दिलेले आभासी प्रोसेसर) वाढवण्याकडे. आठ कोअरचा सर्व्हर, त्यावर चार व्हीएम आणि प्रत्येकाला आठ-आठ व्हीसीपीयू! खरे कोअर तेवढेच राहतात, त्यांच्यासाठीची रांग मात्र लांबते. विंडोज व्हीएमच्या आतल्या टास्क मॅनेजरला ही रांग दिसत नाही, ती होस्टवर, म्हणजे व्हीएम चालवणाऱ्या मूळ सर्व्हरवर, बघावी लागते. व्हीएमवेअरमध्ये (व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर) 'सीपीयू रेडी', म्हणजे कोअरची वाट पाहण्यात गेलेला वेळ, पाहा. रिअल-टाइम आलेखातली प्रत्येक नोंद २० सेकंदांची असते, म्हणून १००० मिलिसेकंद म्हणजे ५ टक्के. आकडा पूर्ण व्हीएमचा असेल तर व्हीसीपीयूंच्या संख्येने भागा. ५ टक्क्यांच्या वर सावध व्हा, १० ओलांडले तर व्हीसीपीयू कमी करा. होय, कमीच. केव्हीएमवरच्या (लिनक्समधली व्हीएम चालवण्याची सोय) व्हीएममध्ये लिनक्स असेल तर त्यातल्या 'टॉप' कमांडमधला 'एसटी' हा टक्क्यांचा आकडा हेच सांगतो.

कोकणात पावसाळ्यात वेगळंच दुखणं निघतं. वीज दिवसभर गेली, सर्व्हर बंद पडून राहिला आणि रेड कार्डाची (अनेक डिस्क एकत्र चालवणारं कार्ड) जुनी बॅटरी उतरली, की कार्ड राइट-बॅक (आधी कार्डाच्या कॅशमध्ये, म्हणजे वेगवान तात्पुरत्या मेमरीत लिहायचं, मग डिस्कवर) सोडून राइट-थ्रूवर जातं. मग प्रत्येक नोंद थेट डिस्कवर लिहिली जाते आणि फिरत्या डिस्क असतील तर सगळीच व्हीएम एकदम रेंगाळतात. सीपीयू निवांत, रॅम मोकळी. साहजिकच संशय नेटवर्कवर. डिस्कची लेटन्सी (उत्तर द्यायला लागणारा वेळ) सतत २० मिलिसेकंदांच्या वर असेल तर कार्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये बॅटरीची स्थिती आणि कॅशचा मोड तपासा. बॅटरीला काही तास चार्ज होऊ द्या, तरीही फरक नसेल तर बदला. 'बॅटरी नसली तरी राइट-बॅक' हा पर्याय मात्र लावू नका. पुढच्या वेळी वीज गेली की कॅशमधला डेटा बुडालाच, सोबत डेटाबेसही बिघडू शकतो.

स्नॅपशॉट (व्हीएमची त्या क्षणाची जतन केलेली स्थिती) म्हणजे बॅकअप नव्हे. ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नका, असं व्हीएमवेअरच सांगतं. जुना, फुगलेला स्नॅपशॉट काढताना डिस्कवर मोठा ताण येतो. तो दुपारी नाही, रात्री काढा.

मे महिन्यात रात्री एसी बंद करून बॅकअप चालवणं टाळा. तापलेला प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो. व्हीएममध्ये सीपीयू १०० टक्के दिसतो, काम मात्र निम्मं. होस्टचं तापमान आणि गिगाहर्ट्झ एकत्र बघा. किनाऱ्यालगत असाल तर पंख्यांवरची धूळ आणि खाऱ्या हवेचा गंजही तपासा.