झिंकची बेरीज करून बघा

प्रतिकारशक्तीसाठी एकाहून जास्त गोळ्या चालू असतील तर सगळ्या डब्या शेजारी ठेवून मागचं लेबल वाचा. मल्टिव्हिटॅमिनमध्ये झिंक असतं, पाण्यात विरघळणाऱ्या व्हिटॅमिन सीच्या गोळीतही बऱ्याचदा असतं, आणि वर वेगळी झिंकची गोळी! प्रौढांना दिवसाला साधारण ८ ते ११ मिलिग्रॅम पुरतं. रोज ४० च्या वर, तेही महिनोन्महिने गेलं तर शरीरात तांबं कमी पडतं आणि रोगाशी लढणाऱ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशीच घटू शकतात. म्हणजे करायला गेलो एक! डॉक्टरांनी दिलेली गोळी अर्थात परस्पर बंद करू नका. कडधान्यं भिजवून, मोड आणून खाल्ली तर त्यातलं झिंक जास्त अंगी लागतं. व्हिटॅमिन डी मात्र रिकाम्या पोटी नको, थोडं तेल-तूप असलेल्या जेवणासोबत घ्या.