आपली साक्ष शेजाऱ्याला कशी सांगावी

रविवारच्या उपासनेत उभं राहून साक्ष देणारे, म्हणजे येशूमुळे आपल्या आयुष्यात काय बदललं ते सांगणारे, आपल्याकडे पुष्कळ आहेत. समोर मंडळी असते, प्रत्येक वाक्याला 'आमेन' येतं. पण अंबडहून जालन्याला जाणाऱ्या एसटीत शेजारचे काका सहज विचारतात, "तुम्ही येशूला कधीपासून मानायला लागले हो?" आणि तिथं आपली जीभ अडखळते. एक तर आपण "असंच, घरचे जातात म्हणून" असं काहीतरी बोलून विषय संपवतो, नाहीतर उपदेशच सुरू करतो. दोन्ही वेळा काकांच्या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. हा लेख त्या उत्तरासाठी आहे.

एक गोष्ट आधी मनातून काढून टाका, की आपल्या भागातल्या लोकांना हे ऐकायचंच नसतं. मिशनरी नारायण शेषाद्रींनी 19व्या शतकात जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं, तेव्हापासून ख्रिस्ती माणूस हा इथल्या गावगाड्यातला माणूस आहे. आणि नरसीचे नामदेव, गंगाखेडच्या जनाबाई, पैठणचे एकनाथ यांच्या या प्रदेशात देवाशी आपलं काय नातं जुळलं हे माणसानं स्वतःच्या तोंडानं सांगणं कुणालाच परकं वाटत नाही. लोक वादाला कंटाळतात, अनुभवाला नाही.

आधी कागदावर उतरवा

एक वही घ्या आणि जन्मापासून सगळं लिहायचा मोह टाळा. आयुष्यातलं एकच वळण निवडा. बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा 26वा अध्याय उघडून पाहा. आधी ख्रिस्ती लोकांचा छळ करणारा आणि मग येशूचा प्रेषित झालेला पौल अग्रिप्पा राजासमोर उभा आहे. आधी मी कसा होतो, दिमिष्क (दमास्कस) शहराच्या वाटेवर येशूचं दर्शन होऊन काय घडलं आणि त्यानंतर मी काय करू लागलो, एवढंच तो सांगतो. सगळं भाषण मोठ्यानं वाचलं तरी काही मिनिटांत संपतं. त्याच पुस्तकाच्या 22व्या अध्यायात हीच हकिकत तो यरुशलेमेतल्या जमावाला सांगतो, तेव्हा त्यांच्याच भाषेत बोलतो आणि आपण कोणत्या गुरूच्या पायाशी शिकलो हेही सांगतो. हकिकत तीच, पण समोर कोण आहे ते पाहून सांगितलेली.

ज्यांचं आयुष्य एका रात्रीत बदललेलं नाही, जे ख्रिस्ती घरातच जन्मले, त्यांना वाटतं की आपल्याकडे सांगण्यासारखं काहीच नाही. तसं नसतं. आजीच्या मांडीवर शिकलेली प्रार्थना स्वतःची कधी झाली, तो प्रसंग शोधा. दहावीला नापास झाल्यावरचा असेल, आई गेल्यानंतरचा असेल.

देवळातली भाषा देवळात ठेवा

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे. "मी पापाच्या दलदलीत होतो, कोकऱ्याच्या रक्तानं धुतला गेलो आणि नवी उत्पत्ती झालो" हे वाक्य आपल्याला गोड लागतं, पण एसटीतल्या काकांना त्यातलं काहीच कळत नाही. आता हीच साक्ष एखाद्या शेतकऱ्यानं अशी सांगितली तर पाहा:

"2012-13च्या दुष्काळात आमची मोसंबीची बाग वाळली. टँकरनं पाणी घातलं, तेही पुरलं नाही. शेवटी झाडं आम्हीच तोडली, लाकूड जळणाला गेलं. सोसायटीचं कर्ज डोक्यावर. रात्र-रात्र झोप नाही, घरात कुणाशी धड बोलायचो नाही, पोरं मला पाहून आतल्या खोलीत जायची. बायको तिच्या भावाकडं प्रार्थनेला जायची. एकदा मीही मागं जाऊन बसलो. तिथं एकानं वाचलं, 'अहो कष्टी व भाराक्रांत जनहो, तुम्ही सर्व माझ्याकडे या म्हणजे मी तुम्हांला विसावा देईन.' हे येशूनं मलाच म्हटलंय असं वाटलं. कर्ज काही त्या दिवशी फिटलं नाही, ते पुढं हप्त्या-हप्त्यानं फेडलं. पण त्या रात्री मी झोपलो, आणि सकाळी धाकटीला शाळेत सोडायला गेलो."

यात तारण आहे, कृपा आहे, पश्चात्तापही आहे, पण ऐकणाऱ्याला त्यासाठी शब्दकोश लागत नाही. धाकटीला शाळेत सोडणं हा तपशील तर दहा विशेषणांपेक्षा जास्त सांगतो. तुमच्या वहीतही असा एक तपशील हवा.

जेवढं घडलं तेवढंच

योहानाच्या शुभवर्तमानाच्या 9व्या अध्यायातला, येशूनं दृष्टी दिलेला जन्मांध माणूस मला याबाबतीत फार जवळचा वाटतो. परूशी, म्हणजे त्या काळचे कडवे यहुदी धर्मपुढारी, त्याला येशूविषयी अडचणीत आणणारे प्रश्न विचारतात. तो ज्ञानाचा आव आणत नाही. मला एकच कळतं, म्हणतो, मी आंधळा होतो आणि आता मला दिसतं.

आजारपणाची साक्ष असेल तर हा नेम कसोशीनं पाळा. प्रार्थना केली आणि घाटी रुग्णालयात सहा महिने उपचारही घेतले, तर दोन्ही सांगा. डॉक्टरांचे हात वापरल्यानं देवाचं काही कमी होत नाही. "गोळ्या बंद करा, विश्वास ठेवा" असं कुणालाही, कधीही म्हणू नका, त्यात जीव जाऊ शकतो. शिवाय चमत्काराच्या नावाखाली लोकांना फसवणं हा 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे.

दुःखही झाकू नका. कवी नारायण वामन टिळकांनी 1895मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांचं घर मोडल्यासारखंच झालं होतं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचा बाप्तिस्मा 1900मध्ये झाला. पुढं लक्ष्मीबाईंनी आपल्या आठवणी लिहिल्या, त्यात ते हाल, नवऱ्याचा तापट स्वभाव, स्वतःचं सोवळंओवळं, सगळं मोकळेपणानं मांडलं. म्हणून आजही त्यांच्यावर वाचकाचा विश्वास बसतो.

दुसऱ्याचं झाकलेलं उघडू नका

तुमच्या साक्षीत नवऱ्याची दारू येते, जावेचं भांडण येतं, मेव्हण्याचं कर्ज येतं. त्यांना आधी विचारा. नाही म्हणाले तर तो भाग गाळा.

याहून नाजूक गोष्ट आहे. 1950च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्या व्यक्तीला अनुसूचित जातीचा दर्जा राहत नाही. शिष्यवृत्ती, नोकरी, पोरांचं शिक्षण या सगळ्याचा प्रश्न उभा राहतो. आपल्याकडे किती घरांत हा पेच आहे हे आपल्याला ठाऊक आहे. म्हणून कोण प्रार्थनेला येतं, कुणी बाप्तिस्मा घेतला हे आपल्या साक्षीच्या ओघात कुणाचं नाव घेऊन सांगू नये. मोबाइलवर फोटो टाकताना तर दहादा विचार करावा.

केव्हा आणि कसं

विचारल्यावर सांगणं सगळ्यात उत्तम. नाताळला करंज्या, चकल्या घेऊन शेजारी जाता, तेव्हा प्रश्न आपोआप येतात. कुणी आपलं दुखणं सांगत असेल तर आधी ते पूर्ण ऐका. मग विचारा, "माझ्यावर अशीच वेळ आली होती, सांगू का?" 'नको' म्हणाले तर चहा प्या आणि दुसरं बोला.

समोरच्याच्या देवाला नावं ठेवून आपल्या देवाची थोरवी सिद्ध होत नाही. ज्यांच्या घरी वारी आहे, त्यांच्यासमोर विठ्ठलाविषयी अनादरानं बोलणं हे साक्षीत बसतच नाही. पौलानंही अथेन्सकरांशी बोलताना त्यांच्याच कवींची वचनं घेतली होती.

"पैसे किती मिळाले?" हा प्रश्न येणारच. चिडू नका. "काही नाही मिळालं बाप्पा, उलट भावकी तुटली" हे खरं असेल तर तसंच सांगा. मिशनच्या शाळेत शिकलात, वसतिगृहात राहिलात, तर तेही लपवू नका. ज्याचं उत्तर येत नाही त्याला "मला माहीत नाही, पाळकसाहेबांना विचारून सांगतो" म्हणा.

राज्यघटनेच्या 25व्या कलमानं आपला धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रचार करण्याचा हक्क दिला आहे, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. पण दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 1977मध्ये स्पष्ट केलं. पैसा, नोकरी, औषध, लग्न यांतलं कसलंही आमिष किंवा भीती साक्षीला चिकटू देऊ नका. दुसऱ्याच्या लहान मुलांना आईबापांच्या मागं काही सांगू नका.

सांगून झाल्यावर

गप्प बसा. "मग तुम्ही कधी येता?" हे लगेच विचारू नका. त्यांनी स्वतःचा अनुभव सांगितला तर तुमचा ज्या मनानं ऐकला गेला त्याच मनानं ऐका. अडचण असेल तर तुमच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का, असं विचारा आणि खरंच करा.

कुणी वाचायला मागितलं तर जाडजूड बायबल देण्याआधी मार्काचं शुभवर्तमान द्या. चारही शुभवर्तमानांत ते सगळ्यात लहान, 16 अध्यायांचं आहे. 'वाचलं का' म्हणून रोज फोन करू नका. आणि कुणी उपासनेला येतो म्हणालं, तर तिथं काय होतं ते आधीच सांगून ठेवा: वेळ कोणती, बायका-पुरुष कुठं बसतात, गीतांच्या वेळी उभं राहतात, प्रभुभोजन (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी) असेल तेव्हा जागेवर बसून राहिलं तरी चालतं, दानाची थैली आली तर काही टाकलंच पाहिजे असं नाही. त्या दिवशी पुढच्या बाकावरची आपली नेहमीची जागा सोडून त्यांच्याशेजारी मागं बसा.