खान्देशच्या मातीसाठी डर्ट बाईकची बांधणी आणि निगा

जळगाव, धुळे किंवा नंदुरबार जिल्ह्यात शर्यतीसाठी डर्ट बाईक तयार करायची असेल, तर इंजिनाला हात लावण्याआधी जमीन नीट पाहून घ्यावी. तापी, गिरणा आणि पांझरेच्या काठची काळी माती पाणी शोषून फुगते, उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडतात आणि गाड्यांच्या चाकांखाली तिचा वरचा थर पिठासारखा बारीक फुफाटा होतो. सातपुड्याच्या पायथ्याशी आणि साक्रीच्या बाजूला मात्र मुरूम आणि काळा पाषाण लागतो, जो टायर कापतो आणि रिमला टोले देतो. कंपनीच्या पुस्तिकेतले आकडे सर्वसाधारण मैदान गृहीत धरून दिलेले असतात, म्हणून ते सुरुवातीचा बिंदू मानावेत आणि तिथून आपल्या मातीकडे सरकावे.

गाडी दोन प्रकारची असू शकते. एक म्हणजे बंद मैदानासाठीच बनवलेली मोटोक्रॉस बाईक. तिची आरटीओत नोंदणी होत नाही, त्यामुळे मैदानापर्यंत ती छोटा हत्ती किंवा पिकअपमधूनच न्यावी लागते. दुसरी म्हणजे हिरोच्या एक्सपल्स २०० सारखी रस्त्यावरची गाडी. मूळ एक्सपल्समध्ये सस्पेन्शनचा प्रवास, म्हणजे चाक वर-खाली जितके हलू शकते ते अंतर, पुढे १९० आणि मागे १७० मिलिमीटर आहे. कंपनीच्या रॅली किटमध्ये तो २५० आणि २२० मिलिमीटर होतो. दुसऱ्या प्रकारच्या गाडीवर नवशिक्याचा पहिला खर्च बहुधा आवाज करणाऱ्या सायलेन्सरवर होतो. तो पैसा आधी वजनाला साजेशा स्प्रिंगवर, एअर फिल्टरवर आणि टायरवर जावा, कारण मोठ्या आवाजाने उडीनंतर गाडी सरळ उतरत नाही.

सस्पेन्शन जुळवण्याची सुरुवात सॅग, म्हणजे वजनाने गाडी किती खाली बसते, ते मोजण्यापासून होते आणि त्यासाठी मोजपट्टी व दोन मदतनीस पुरतात. गाडी स्टँडवर उचलून मागचे चाक मोकळे लटकू द्यावे आणि मागच्या ॲक्सलपासून सरळ वर मडगार्डवर केलेल्या खुणेपर्यंतचे अंतर मोजावे. मग गाडी जमिनीवर ठेवून, कोणी न बसता, तेच अंतर मोजावे. शेवटी हेल्मेट, बूट आणि छातीच्या कवचासह स्वार पेगवर (पाय ठेवायच्या खुंट्यांवर) उभा राहून नंतर सीटवर बसल्यावर तिसरे माप घ्यावे. पहिल्या आणि तिसऱ्या मापातला फरक म्हणजे रेस सॅग. तो एकूण प्रवासाच्या साधारण एक तृतीयांश असावा. मागे सुमारे ३०० मिलिमीटर प्रवास असलेल्या मोटोक्रॉस बाईकवर तो १०० ते १०५ मिलिमीटर आणि मूळ एक्सपल्सवर ५० ते ५५ मिलिमीटर येतो. तो प्रीलोडची, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबलेली असेल हे ठरवणारी, रिंग फिरवून जुळवावा.

रेस सॅग जुळला म्हणजे काम संपले असे मानून पुष्कळ जण पहिल्या आणि दुसऱ्या मापातला फरक, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या वजनाने पडणारा सॅग, तपासतच नाहीत. मोटोक्रॉस बाईकवर तो ३० ते ४० मिलिमीटर हवा. रेस सॅग बरोबर असूनही हा सॅग फारच कमी भरत असेल, तर गाडी कडक वाटते. पण खरे कारण उलटे असते: स्प्रिंग वजनाच्या मानाने मऊ आहे आणि ती भरपाई करण्यासाठी प्रीलोड जास्त आवळला गेला आहे. हा सॅग प्रमाणाबाहेर जास्त असेल, तर स्प्रिंग कडक आहे. दोन्ही वेळा रिंग फिरवत बसण्याऐवजी स्प्रिंग बदलावी.

त्यानंतर कॉम्प्रेशन (सस्पेन्शन दबण्याचा वेग) आणि रिबाउंड (ते परत वर येण्याचा वेग) यांचे स्क्रू येतात. ते हलकेच पूर्ण बंद करून किती क्लिक होते हे आधी वहीत लिहून ठेवावे आणि मगच बदल करावा, तोही एका वेळी एकाच स्क्रूवर, दोन क्लिकपेक्षा जास्त नाही. उन्हाळ्यातल्या कडक, खडबडीत मुरमावर हात आणि मनगटे भरून येत असतील, तर पुढचे कॉम्प्रेशन थोडे सोडावे. सलग खळग्यांवर मागचे चाक उसळून सीट मागून लाथ मारल्यासारखी उठत असेल, तर रिबाउंड थोडे आवळावे. सस्पेन्शन प्रत्येक खळग्यानंतर खाली-खाली बसत जात असेल, तर सोडावे. फोर्कच्या, म्हणजे पुढच्या सस्पेन्शनच्या नळ्यांच्या, टोपणावर हवा सोडण्याचे स्क्रू असतील, तर पुढचे चाक अधांतरी ठेवून शर्यतीआधी ते क्षणभर उघडावेत, कारण उन्हात तापलेल्या नळीत दाब साठून फोर्क विनाकारण कडक होतो.

उष्णतेचा हाच परिणाम टायरमध्येही दिसतो. मोटोक्रॉस टायरमध्ये सामान्यतः १२ ते १५ पीएसआय हवा ठेवतात. पाषाणावर वरची आणि ओल्या काळ्या मातीत खालची बाजू धरावी, तर एक्सपल्ससारख्या जड गाडीला दोन-तीन पीएसआय जास्त लागतात. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ अंशांवर जातो. पहाटे २५ अंशांना १३ पीएसआय भरलेला टायर ४५ अंशांना जवळपास १५ वर पोहोचतो, म्हणून हवा शर्यतीच्या काही मिनिटे आधी, तेही कमी दाब अचूक दाखवणाऱ्या गेजने तपासावी. पेट्रोलपंपावरच्या गेजवर या बाबतीत विसंबू नये. इतक्या कमी दाबावर टायर रिमवर सरकून ट्यूबचा व्हॉल्व्ह उपटला जाऊ शकतो. त्यासाठी टायर रिमला घट्ट धरून ठेवणारा रिमलॉक बसवावा आणि व्हॉल्व्हची नट रिमला न आवळता वर टोपीपाशी ठेवावी, म्हणजे व्हॉल्व्ह तिरका झालेला लगेच दिसतो. बांधावरच्या बाभळीचे आणि वेड्या बाभळीचे काटे ही इकडची कायमची अडचण आहे, तेव्हा जाड ट्यूबचे जादा वजन मुकाट्याने सोसावे.

चाकांचे आरे नव्या गाडीत पहिल्या सरावानंतरच ढिले पडतात. एकाच बाजूने आवळत गेल्यास रिम वाकते; ३६ आऱ्यांच्या चाकावर रिमलॉकजवळून सुरुवात करून दर तिसरा आरा पाव फेरा आवळावा आणि अशा तीन फेऱ्यांत चाक पूर्ण करावे. पान्याने हलकेच वाजवल्यावर ढिला आरा बद्द आवाज देतो.

सर्वांत जास्त लक्ष एअर फिल्टरला द्यावे लागते. फुफाट्याचे कण इतके बारीक असतात की फिल्टरची कड किंचित जरी उचललेली असली तरी ते सिलिंडरमध्ये जातात आणि रिंग व सिलिंडरची भिंत घासून काढतात. इंजिनाचे कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) हळूहळू उतरत जाते आणि तोवर दोष इंजिन ऑइलला दिला जातो. फोमचा फिल्टर धुळीत पळालेल्या प्रत्येक दिवसानंतर काढावा. तो फिल्टर क्लीनरमध्ये धुवावा, नाही तर रंगाच्या दुकानात मिळणाऱ्या टर्पेंटाइनमध्ये, कारण रॉकेल आता सहज मिळत नाही. त्यानंतर साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन सावलीत पूर्ण वाळवावा. धुताना दाबावा, पिळू नये; पेट्रोल वापरू नये, कारण त्याने आगीचा धोका तर असतोच, शिवाय फोमचे जोड सुटतात. वाळल्यावर फिल्टर ऑइल सगळीकडे सारखे मुरवावे आणि एअरबॉक्सला टेकणाऱ्या कडेवर ग्रीसचा पातळ थर द्यावा. कागदी फिल्टर असेल, तर त्याला तेल लावू नये, तो बदलावा. फिल्टरच्या मागच्या रबरी नळीत स्वच्छ पांढरे फडके फिरवून पाहावे. फडक्यावर धूळ आली, तर फिल्टर बसवण्यात चूक आहे. सरावाच्या दिवशी तेल मुरवलेले दोन जादा फिल्टर पिशवीत ठेवावेत.

इंधनाचे मिश्रणही उष्णतेवर अवलंबून असते. ४५ अंशांची हवा २० अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ८ टक्के विरळ असते, त्यामुळे हिवाळ्यात जुळवलेला कार्ब्युरेटर मे महिन्यात पेट्रोल जास्त देऊ लागतो, प्लग काळा पडतो आणि गाडी अडखळते. सुमारे १,१५० मीटर उंचीच्या तोरणमाळकडे जाताना हाच परिणाम आणखी वाढतो. मेन जेट (कार्ब्युरेटरमधले पेट्रोल सोडणारे मुख्य छिद्र) एक पायरी लहान करून प्लगचा रंग बदामी येतो का हे पाहावे. टू-स्ट्रोक इंजिनात मात्र ही पायरी जपून उतरावी, कारण मिश्रण फार पातळ झाले तर पिस्टन जाम होतो. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत हा हिशेब सेन्सर करतात.

इंजिन ऑइल किलोमीटरवर नव्हे, तासांवर बदलावे. स्वस्तातला अवर मीटर बसवला, तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह तपासण्याची पुस्तिकेतली मुदतही पाळता येते. तेल जासो या जपानी मानकाच्या एमए किंवा एमए२ दर्जाचे घ्यावे. कारच्या तेलाने तेलात बुडालेला क्लच घसरू शकतो. रेडिएटर असलेल्या गाडीत जाळीतला चिखल मागच्या बाजूने, कमी दाबाच्या पाण्याने काढावा, आणि सुरुवातीच्या रेषेवर इंजिन विनाकारण चालू ठेवू नये, कारण बहुतेक मोटोक्रॉस बाईकना पंखा नसतो.

चेन सैल आहे की ताणलेली, हे गाडी रिकामी असताना नीट कळत नाही. पुढचे स्प्रॉकेट, मागचे चाक धरणाऱ्या स्विंगआर्मचा सांधा आणि मागचा ॲक्सल एका रेषेत येईपर्यंत मागचा भाग दाबावा आणि त्या स्थितीत चेनला थोडी मोकळीक उरते याची खात्री करावी. पावसाळ्यात चिखल स्प्रॉकेटच्या दात्यांत भरून चेन आणखी ताणली जाते, म्हणून तेव्हा ती थोडी जास्त सैल ठेवावी. उन्हाळ्यात चेनवर तेल थापू नये. फुफाटा त्यात मिसळून दाते खातो.

क्लच आणि ब्रेकचे चिमटे हँडलवर अगदी घट्ट आवळू नयेत. गाडी पडल्यावर ते फिरले पाहिजेत, मोडता कामा नयेत. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते, त्यामुळे पावसाळा संपल्यावर ते बदलावे.

ओली काळी माती गाडीवर वाळली, तर ती खरवडून काढावी लागते, म्हणून धुण्याचे काम त्याच संध्याकाळी, सायलेन्सरला बूच लावून करावे. जोराच्या पाण्याचा झोत चाकाच्या बेअरिंगवर, लिंकेजवर (मागचा शॉक स्विंगआर्मला जोडणाऱ्या सांध्यांवर) आणि फोर्कच्या सीलवर धरू नये. चिखलाच्या शर्यतीआधी मडगार्डच्या आतल्या बाजूला सिलिकॉन स्प्रे मारल्यास चिखल कमी चिकटतो, मात्र तो ब्रेक डिस्कवर उडता कामा नये. स्विंगआर्म आणि लिंकेजची बेअरिंगे हंगामात निदान एकदा पूर्ण उघडून ग्रीस करावीत. हे वेळखाऊ काम आहे आणि नेमके तेच सगळे टाळतात. महत्त्वाच्या बोल्टवर टॉर्क पान्याने आवळल्यानंतर रंगाची रेघ ओढावी, म्हणजे शर्यतीच्या सकाळी नुसत्या नजरेने तपासणी होते.

गाडी दोन-तीन महिने उभी राहणार असेल, तर कार्ब्युरेटरच्या तळाचा स्क्रू उघडून त्यातले पेट्रोल काढून टाकावे, कारण २० टक्के इथेनॉल असलेले सध्याचे पेट्रोल ओल धरते आणि बारीक जेट बुजतात. पत्र्याची टाकी पूर्ण भरून ठेवावी, गाडी स्टँडवर उचलून दोन्ही चाके मोकळी करावीत आणि सायलेन्सरचे बूच काढायला विसरू नये.